पेठ रोडच्या पल्याडचा सूर

नाशिकच्या पंचवटीतून निघणारा पेठ रोड डोंगरातल्या वाद्यांच्या मुलखात नेतो. पेठ, हरसूल, जव्हारच्या पट्ट्यात तारपा अजून वाजतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, मेणाने बुजवलेले सांधे आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, म्हणून सूर तुटत नाही, नाचणाऱ्यांचा फेरही थांबत नाही.

नाशिक ढोलाची सुपारी आपण हौसेने देतो. तशीच ती तारपावाल्यांना, संबळवाल्या गोंधळींनाही द्यावी, असं मला मनापासून वाटतं. कमरेला बांधलेल्या संबळावर एक काठी सरळ आणि एक वाकडी कशी चालते, ते समोर बसून पाहा! बिदागी आधी ठरवा, इसार वेळेवर द्या, गाडीभाड्यात घासाघीस नको. रेकॉर्डिंग परवानगीनेच करा आणि ते कुणाला पाठवताना वादकाचं, गावाचं नाव सोबत जाऊ द्या. पुढची सुपारी त्या नावावरच येते.