गुण आणि गुणसूत्र

जबलपूरहून मंडला-डिंडोरीकडे जाणारा रस्ता गोंड आणि बैगा यांच्या वस्तीत शिरतो. या रानांशी हिवतापाचे नाते जुने आहे. 'व्हायवॅक्स' जातीच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठाव करतात. त्यांचा निःपात करण्यासाठी प्रायमाक्विन हे औषध सामान्यतः १४ दिवस द्यावे लागते. परंतु काही रोग्यांमध्ये त्याच औषधाने तांबड्या रक्तपेशी फुटतात, लघवी काळसर होते आणि प्रसंगी जिवावर बेतते. अशा रोग्यांच्या रक्तात 'जी-६-पीडी' नावाचे विकर कमी असते, हे १९५६ साली अमेरिकेत उघडकीस आले.

हे विकर घडविणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाला असे गुणसूत्र एकच, तेही आईकडून आलेले. त्यात वैगुण्य असले तर ते झाकणारे दुसरे नाही. स्त्रीला दोन असतात. परंतु तिच्या प्रत्येक पेशीत त्यांतील एक निद्रिस्त राहते, असे अनुमान मेरी लायन या ब्रिटिश विदुषीने १९६१ साली उंदरांच्या अंगावरील रंगांच्या ठिगळांवरून काढले. म्हणून अशा मातेच्या रक्तात निर्दोष आणि सदोष पेशी शेजारी शेजारी नांदतात.

हे जनुक समूळ काढून टाकले तर काय होईल? हा प्रयोग उंदरांवर झाला आणि त्याचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. असे नर गर्भ अकराव्या दिवसापलीकडे जगले नाहीत. रक्ताभिसरण सुरू होऊन प्राणवायू पेशींना पोचू लागला आणि त्याचाच दाह त्यांना सोसवेना. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: माणसांत आढळते ती या विकराची उणीव, संपूर्ण अभाव नव्हे. म्हणूनच ती वर्षानुवर्षे मुकाट राहते आणि औषधाची गोळी पोटात गेल्यावर बोलू लागते.

जबलपूर येथे १९८४ साली स्थापन झालेल्या आदिवासी आरोग्यविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेत हिवताप, सिकल-सेल आणि ही उणीव यांचा अभ्यास होत आला आहे. उणीव ओळखण्यास थोडेसे रक्त पुरते. ती आढळली तरी उपचार सोडावा लागतोच असे नाही. वैद्यकीय देखरेखीखाली आठवड्यातून एक मात्रा, अशा आठ मात्रा देता येतात. मात्र तपासणी गोळीच्या आधी झाली पाहिजे आणि ती रानातल्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोचली पाहिजे.