मांड पक्की हवी

चाकणच्या तळेगाव चौकाजवळ माझा छोटा दवाखाना आहे. मी फिजिओथेरपिस्ट, इथं मात्र सगळे डॉक्टरच म्हणतात. पहिली पाळी सुटली की पाठ, मान, गुडघा धरून माणसं येतात. एकदा तेविशीतला एक मुलगा आला, तो जांघ धरून. कंत्राटी कामगार, आठ तास उभ्यानं काम आणि सुट्टीच्या दिवशी गावच्या कबड्डी संघातला चढाईपटू.

"डॉक्टर, बोनसला पाय टाकला की आत कळ जाती," म्हणाला. चार महिने हेच चाललं होतं. घरी सांगितलं होतं, कंबर दुखते. जांघेचं दुखणं सांगायला पोरं लाजतात. दोनदा विश्रांती घेऊन झाली होती. दुखणं थांबायचं आणि पहिल्याच सामन्यात परतायचं. विश्रांती म्हणजे बिनपगारी रजा, हे वेगळं सांगायला नको.

एक पाय हवेत आणि दुसरा बोनस रेषेपलीकडे लांब टाकायचा, की मांडीच्या आतल्या स्नायूंवर सगळा ताण येतो. पाय जवळ ओढणारे हे स्नायू. घोडेस्वार घोड्यावर मांड टाकतो ती यांच्याच जोरावर. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी आमच्या संग्रामदुर्गात शाइस्तेखानाला झुंजवलं, तेव्हाच्या स्वारांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नसेल!

सुरुवातीला मीही शेक आणि यंत्र लावत बसलो. तीन आठवडे गेले. रुग्णाला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आपल्यालाही काही केल्याचं समाधान. गुण शून्य. खरं तर मला माहीत असायला हवं होतं. १९९९ मध्ये डेन्मार्कच्या पेर होल्मिच यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा जुनाट दुखण्याच्या ६८ खेळाडूंवरचा प्रयोग मांडला होता. अर्ध्यांना लेझर, मालिश, विजेचं यंत्र. अर्ध्यांना ताकदीचे व्यायाम. शेवटपर्यंत टिकलेल्यांत व्यायामवाल्या २९ पैकी २३ जण न दुखता पूर्वीसारखे खेळू लागले. दुसऱ्या गटात ३० पैकी फक्त ४.

मग मी त्याला हर्निया नाही, खुब्याचा सांधा ठीक आहे, हे डॉक्टरांकडून तपासून आणायला सांगितलं. सूज, ताप किंवा रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तर व्यायामाआधी हे करायलाच हवं. नंतर फुटबॉल दिला. उताणं झोपून तो दोन्ही पावलांत धरायचा आणि ३० सेकंद दाबायचा, असं दहा वेळा. मग गुडघ्यांत धरून तसंच. एका खोलीत चौघं राहणारे, सोबती हसायचे. दुखणं दहापैकी दोन-तीनवर राहिलं आणि सकाळी उतरलं, तर चालू ठेवायचं. पुढं कुशीवर झोपून खालचा पाय उचलणं, पोटाचे व्यायाम, एका पायावर तोल. सहा आठवड्यांनी हळू धावणं.

दहाव्या आठवड्यात यात्रेतली स्पर्धा आली. मी नाही म्हणालो. "डॉक्टर, तिथं निवड करणारे येणारेत," म्हणाला आणि उठून गेला. पुढचे दोन आठवडे फिरकलाच नाही. माझी खात्री झाली होती की गेला हा. मग एका संध्याकाळी आला, काही न बोलता चटईवर आडवा झाला. खेळला नव्हता.

साडेचार महिने लागले त्याला. त्यानंतर मी अख्ख्या संघाला 'कोपनहेगन' व्यायाम शिकवला. कुशीवर कोपरावर टेकायचं, वरचा पाय जोडीदारानं धरायचा आणि त्याच पायाच्या जोरावर अंग उचलायचं. नॉर्वेतल्या फुटबॉलपटूंनी तो हंगामभर केला तेव्हा जांघेच्या तक्रारी सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झाल्या, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. यंत्र नको, पैसा नको. फक्त जोडीदार लागतो, आणि कबड्डीत तो असतोच.

परवा त्याचा सामना पाहिला. बोनस घेतला, पण परतताना घोट्यात पकड झाली, बाद झाला. उठला, अंगावरची माती झटकली आणि ताडताड चालत बाहेर येऊन बसला. जांघेला हात लावला नाही.