आधी रचना, मग ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रित गाण्यात दोन कामे असतात. शब्द आणि चाल बांधणे हे पहिले, गाणाऱ्याचा आवाज टिपून ठेवणे हे दुसरे. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला संतकवी मन्मथस्वामींची समाधी आहे. त्यांच्या काळी दुसऱ्या कामाचे साधनच नव्हते, तरी त्यांचे अभंग पोथ्यांतून आणि भजनी मंडळांच्या तोंडून आजवर आले. ‘संगीत स्वयंवर’च्या चालींचेही तसेच. हे नाटक 1916 साली रंगभूमीवर आले. चाली देणारे भास्करबुवा बखले यांच्या स्वतःच्या गाण्याचे मुद्रण उपलब्ध नाही. चाली मात्र पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जातात.

भारतात तबकड्यांवरच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात 1902 साली कोलकात्यात झाली. गायकाला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे आणि तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. 1925 नंतर मायक्रोफोन आला आणि हळू आवाजातले बारकावेही टिपता येऊ लागले.

रचना पक्की असली की साधे मुद्रणही पुरते. याचे बीड जिल्ह्यातले बोलके उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित झाल्या. 1996 साली माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायकांनी डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या गायल्या, त्या या संग्रहात आहेत. हे मुद्रण स्टुडिओतले नव्हे, बायकांच्या वस्तीतले. अशा मुद्रणांत कुठे जात्याची घरघर असते, कुठे आजूबाजूची बोलणी. बोलणी खटकतात, घरघर खटकत नाही, कारण ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावरच बसलेली असते.

परदेशातही असा दाखला आहे. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी 1982 साली काही गाणी घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर कच्ची म्हणून मुद्रित केली. नंतर बँड घेऊन स्टुडिओत ती पुन्हा करून पाहिली, पण त्यांतला एकाकीपणा गेला. शेवटी घरची कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने बाजारात आली.

याचा अर्थ मुद्रण कसेही चालते, असा नाही. शब्द कळले नाहीत तर रचना पोहोचतच नाही. कपिलधारच्या धबधब्याजवळ मोबाईलवर भजन मुद्रित केले, तर पाण्याचा अखंड आवाज नेमक्या ‘स’, ‘श’, ‘फ’ अशा अक्षरांवर पसरतो. टाळ जवळ असले की गायकाचा आवाज दबतो. शिवाय मोबाईल आवाजाची पातळी आपोआप बदलतो, त्यामुळे गायक थांबला की मागचा गोंगाट चढतो.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. माइक गायकाच्या तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला ठेवावा, टाळकऱ्यांना मागे बसवावे. सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो. तिथे भिंतीला गोधड्या टांगाव्यात. पातळी आपोआप बदलण्याची सोय बंद करता येत असेल तर करावी.

एवढे साधले की शब्द, सूर आणि लय स्वच्छ ऐकू येतात. त्यापुढे महागड्या यंत्राने आवाजाला झळाळी येते, पण कच्ची चाल किंवा भरतीचा शब्द त्याने झाकला जात नाही, उलट अधिक उघडा पडतो. म्हणून घरी मुद्रण करणाऱ्याने पैसा आणि वेळ आधी रचनेवर आणि तालमीवर खर्चावा, यंत्राचा विचार त्यानंतर करावा.