मेरी पेलींचं अर्थशास्त्र

१८७१ साली केंब्रिजमध्ये अॅन क्लफ यांच्या देखरेखीखाली मुलींना राहून शिकता यावं म्हणून एक घर सुरू झालं. तिथे आलेल्या पहिल्या पाच जणींत मेरी पेली होत्या. त्याच घराचं पुढे न्यूनहॅम कॉलेज झालं.

मुलींना व्याख्यानं ऐकायची मुभा होती, पण विद्यापीठाची परीक्षा त्यांच्यासाठी नव्हती. अर्थशास्त्र तेव्हा नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकवलं जाई. १८७४ मध्ये मेरी आणि त्यांची सहाध्यायी एमी बुली यांनी त्याची परीक्षा अनौपचारिकपणे दिली, तीही प्राध्यापक केनेडींच्या घरच्या दिवाणखान्यात बसून. प्रश्नपत्रिका तिथे माणसांकरवी धावतपळत पोचवाव्या लागल्या. चार परीक्षकांपैकी दोघांनी मेरींना पहिला वर्ग दिला, दोघांनी दुसरा. निकाल तसाच अधांतरी राहिला. पदवी मिळण्याचा तर प्रश्नच नव्हता.

पुढच्याच वर्षी त्या न्यूनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकवू लागल्या.

१८७७ मध्ये त्यांनी आपले शिक्षक आल्फ्रेड मार्शल यांच्याशी लग्न केलं. कॉलेजच्या फेलोने अविवाहित राहावं असा तेव्हाचा नियम, म्हणून मार्शल यांना केंब्रिज सोडावं लागलं आणि दोघं ब्रिस्टलला गेली. तिथे मेरीही शिकवत होत्या, पण त्यांचा पगार कॉलेज नवऱ्याच्या पगारातून वळता करून घेई. वर्गात दोघं शिकवत असताना घरात पगार मात्र एकाचाच येत होता!

त्यांच्या पुस्तकाची कथा याहून मनाला लागणारी आहे. गावोगावच्या व्याख्यानमालांसाठी एक सोपं पाठ्यपुस्तक लिहायचं काम मेरींकडे आलं होतं. लग्न ठरल्यावर आल्फ्रेडही त्यात आले आणि १८७९ मध्ये ‘द इकॉनॉमिक्स ऑफ इंडस्ट्री’ दोघांच्या नावाने निघालं. पुढे आल्फ्रेडना ते नकोसं झालं. १८९२ मध्ये जवळपास त्याच नावाचं दुसरं पुस्तक त्यांनी एकट्याच्या नावावर काढलं आणि जुनं बाजारातून गेलं. दोघं केंब्रिजला परतल्यावर, १८९० च्या दशकात, स्त्रियांना पदव्या द्याव्यात की नाही यावर तिथे मोठा वाद पेटला, तेव्हाही आल्फ्रेड विरोधकांच्या बाजूला उभे राहिले. घरात मेरींसारखी बुद्धिमान सहकारी असताना त्यांनी घेतलेली ही भूमिका आजही मनाला टोचते.

१९२४ मध्ये आल्फ्रेड वारले. त्यानंतर मेरी केंब्रिजमधल्या, आल्फ्रेडच्याच नावाच्या मार्शल ग्रंथालयात विनावेतन काम करू लागल्या. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत हे काम चालू होतं. १९४४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या द्यायला सुरुवात केली, ती १९४८ मध्ये.

म्हणूनच १९२५ साली अर्थशास्त्राची परीक्षा दिलेल्या, पुढे नामांकित अर्थशास्त्रज्ञ झालेल्या जोन रॉबिन्सन यांनाही खरी पदवी मिळाली नव्हती. लग्नानंतर त्या नवऱ्याबरोबर शिंद्यांच्या ग्वाल्हेरला आल्या. नवरा, ऑस्टिन, तिथे लहान महाराजांचे शिक्षक होते. परतल्यावर जोननी १९३३ मध्ये अपूर्ण स्पर्धेवरचा ग्रंथ लिहिला. मजूर घेणारा मालक एकच असेल, तर तो मजुरी कशी दाबून ठेवू शकतो, हे त्यांनी त्यात नेमकं दाखवलं. आजही किमान वेतनाची चर्चा निघाली की अर्थशास्त्रज्ञ या मांडणीकडे वळतात. केंब्रिजने त्यांना प्राध्यापकपद दिलं १९६५ मध्ये, ऑस्टिन निवृत्त झाले त्याच वर्षी. तोवर त्यांच्या ग्रंथाला ३२ वर्षं झाली होती.