आयर्लंडची बातमी, प्रागचे वाचक



‘रोबोट’ हा शब्द आपण रोज वापरतो. तो आला कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या नाटकातून. त्याचं मूळ ‘रोबोता’, म्हणजे वेठ. चेक शेतकऱ्याला आठवड्यातले काही दिवस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावं लागे. ही वेठ १८४८ साली कायद्यानं संपली. ती संपवा, असं लोक उघड कसे बोलू लागले, एवढंच आज सांगतो.

तेव्हा चेक प्रदेश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. सरकारी कारभार जर्मन भाषेत, छपाईवर सेन्सॉरची नजर. १८४६ मध्ये कारेल हावलीचेक हा चोवीस वर्षांचा तरुण ‘प्राझ्स्के नोविनी’ या वृत्तपत्राचा संपादक झाला. खेड्यातल्या दुकानदाराचा मुलगा. व्हिएन्नाच्या सत्तेवर सरळ लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं आयर्लंडवर लिहिलं. ब्रिटनशी झालेलं विलीनीकरण रद्द करा, अशी तिथं डॅनियल ओ’कॉनेलची ‘रिपील’ चळवळ होती. कागदावर ती परदेशातली बातमी. पण ‘इंग्रज’ या शब्दाच्या जागी कोण वाचायचं, हे वाचकाला बरोबर कळायचं. प्रागमधल्या जहाल तरुणांनी आपल्या गुप्त मंडळाचं नावच ‘रिपील’ ठेवलं.

फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसचा राजा पळाला. ती बातमी आली आणि याच मंडळानं ११ मार्चला प्रागमध्ये जाहीर सभा बोलावली. तिथून पुढे आलेल्या मागणीपत्रात दोन मोठ्या गोष्टी होत्या: चेक भाषेला जर्मनच्या बरोबरीचा दर्जा आणि रोबोता बंद.

मग हा विचार परका म्हणायचा का? वेठीविरुद्ध चेक शेतकरी १७७५ मध्येच उठले होते, फ्रेंच राज्यक्रांतीच्या चौदा वर्षं आधी. शब्द बाहेरून आला. राग घरचाच होता.

पुढे जूनमध्ये प्रागवर तोफा चालल्या. १८५१ च्या डिसेंबरात हावलीचेकला हद्दपार केलं. वेठ मात्र परत आली नाही.

पण हिशेब पुरता मांडू या. वेठ सुटल्याची भरपाई जमीनदाराला मिळाली आणि तिचा एक वाटा शेतकऱ्यानंच भरला. भूमिहीनांना तर जमीन मिळालीच नाही.

आपण बरेच जण घरातले पहिले पदवीधर. ‘हे विचार बाहेरचे’ असं कुणी म्हणालं, तर १७७५ आठवा. आणि चळवळ जिंकल्यावर एक प्रश्न आपणच विचारू या: ज्याच्या नावानं मागितलं, त्याच्या पदरात काय पडलं?