हिशेबाचे घर बदलताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि व्याख्यानाची सवयही नाही. पण मंडळाच्या बचतनिधीचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून त्याविषयीच बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचवले. यंदा आपण जुना संगणक काढून नवा घेतला आणि सारा हिशेब त्यावर नेला. तो कसा नेला आणि तसाच का नेला, एवढे मी सांगणार आहे.

पुष्कळ जणींना वाटते, यंत्र बदलले की हिशेब आपोआप पलीकडे जातो. तसे होत नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर म्हणजे पेटी, आणि आपले आकडे म्हणजे पेटीतला ऐवज. पेटी बाजारात दुसरी मिळते. ऐवज मिळत नाही. तेव्हा पहिले काम हे, की आपल्या आकड्यांची फाइल कोणती आणि ती कोठे ठेवलेली आहे, हे माहीत करून घेणे. घरात दागिना कोठे ठेवला ते बाईला ठाऊक असते ना, तसेच हे.

भगिनींनो, हिशेबाचे घर बदलणे आपल्या भागाला काही नवे नाही. आपला बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथे निजामाचा हाली रुपया चाले. राज्य १९४८ साली भारतात सामील झाले, तरी हाली लगेच गेला नाही. १९५९ साली तो कायमचा बंद झाला. मधल्या काळात हाली आणि कलदार दोन्ही लोकांच्या हाती असत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा भाव. ज्या घरात सत्तर हाली होते, तेथे साठ कलदार झाले. आकडा लहान झाला, पण पैसा तेवढाच राहिला. ज्या बाईला भाव ठाऊक होता ती फसली नाही.

तोवर १ एप्रिल १९५७ रोजी नये पैसे आले. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा नये पैसे होतात, पण पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून एका आण्याला सहा धरत आणि चार आण्यांना पंचवीस. आमच्या आजेसासूबाई म्हणत, "आणा आणा वेगळा मोडू नये, बेरीज करून मोडावा." एकेक आणा चार वेळा मोडला तर चोवीस येतात, चार आणे एकदम मोडले तर पंचवीस. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण हा एक पैसा त्यांनी कधी सोडला नाही. जुन्याचे नव्यात करताना जो तोटा होतो, तो असा बारीक असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

आता आपल्या कामाकडे वळते. आपण प्रथम एक दिवस ठरवला, ३१ मार्च. त्या दिवशी जुना हिशेब बंद केला, प्रत्येकीची शिल्लक कागदावर छापून घेतली आणि त्यावर दोघींच्या सह्या घेतल्या. मग फाइलच्या तीन प्रती केल्या. एक नव्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या पेनड्राइव्हवर, जो अध्यक्षाबाईंच्या घरी आहे. एकाच घरात सगळ्या प्रती ठेवून उपयोग काय? चोरी झाली किंवा पाणी शिरले, तर सगळ्या एकदमच जातील.

नव्या संगणकावर ग्नूकॅश नावाचे सॉफ्टवेअर घातले आहे. ते फुकट मिळते आणि त्यात मराठीही आहे. जुने आकडे त्यात नेताना दोन अडचणी आल्या. पहिली तारखेची. ५/६ हे आपण ५ जून वाचतो. अमेरिकेच्या रीतीने ते ६ मे होते. कर्जाची तारीख एक महिना मागे गेली, तर त्या बाईवर महिन्याचे व्याज उगाच चढेल. फाइल आत घेताना तारखेची रीत विचारली जाते; तेथे दिवस आधी, महिना मग, असे सांगावे लागते.

दुसरी अडचण नावांची. जुनी नावे जुन्या धाटणीच्या मराठी फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसला, की नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा गोंधळ दिसतो. नावे गेलेली नसतात, वाचता येत नाहीत एवढेच. आपण ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेतली.

येथेच खरी गोष्ट घडली. सर्व झाल्यावर बेरीज पाहिली, ती पैशापर्यंत जुळली. आपण तेथेच थांबलो असतो, तर? पण ठरल्याप्रमाणे दोघी बसल्या. एकीने कागद वाचला, दुसरीने पडदा. तेव्हा कळले की एकाच नावाच्या दोन बायांच्या रकमा एकमेकींकडे गेल्या होत्या. बेरीज बरोबर आणि बाया चूक! त्यांतली एक ऊसतोडीला गेलेली होती. मुकादमाची उचल, कारखान्याचा हंगाम आणि बिऱ्हाड पाठीवर, अशा जिण्यात तिने जे चार पैसे आपल्याकडे टाकले, ते तिच्या गैरहजेरीत दुसरीच्या नावावर बसले असते. ती परत आल्यावर तिचे कोणी ऐकले असते? संगणकात असेच आहे, असे म्हणून आपणच तिला गप्प बसवले असते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की बेरीज जुळणे म्हणजे हिशेब जुळणे नव्हे. ज्या बाईची शिल्लक, तिने ती ऐकून "बरोबर" म्हणेपर्यंत हिशेब पलीकडे गेला असे समजू नये. हंगामाला गेलेल्या सर्व जणींची पासबुके त्या परतल्यावर आपण ताडून पाहिली. तोवर जुना संगणक विकला नाही. आता तो काढायचा आहे, तर त्यातली डिस्क जाणकाराकडून नीट पुसून किंवा काढून घ्यायची आहे. नुसती फाइल खोडली म्हणजे ती गेली असे होत नाही.

आणखी एक. सॉफ्टवेअरही कायमचे नसते. मायक्रोसॉफ्ट मनी हे घरगुती हिशेबाचे सॉफ्टवेअर जगभर लोक वापरत. त्याची विक्री २००९ साली बंद झाली. तेव्हा दर वर्षअखेरीस हिशेब साध्या सीएसव्ही फाइलीत काढून ठेवावा, आणि कागदावरही छापावा. ती फाइल बहुतेक सर्व सॉफ्टवेअरना वाचता येते, आणि कागदाला तर विजेचीही गरज नाही.

घरचा हिशेब ठेवणाऱ्या भगिनींनीही मोबाइल किंवा संगणक बदलताना हाच क्रम धरावा: दिवस ठरवा, शिल्लक छापा, प्रती काढा, एकेक नाव वाचा, आणि जुने घाईने टाकू नका. ज्यांना जमत नसेल त्यांनी मंगळवारी दुपारी मंडळात यावे. आपण दोघी मिळून बसू.