कॉव्हेंट्रीला पाठवलेली माणसं
(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज मी एका गावाच्या नावावर बोलणार आहे. गाव आपलं नाही. इंग्लंडातलं, बर्मिंगहॅमजवळचं. कॉव्हेंट्री. तुम्ही म्हणाल, इथं वस्तीतलं गटार तुंबलंय आणि ह्याला इंग्लंड सुचतंय. जरा थांबा.

मी एका ऑफिसात कारकून होतो. ऑफिसातल्या सत्यनारायणाची वर्गणी मी दिली नाही. भांडलो नाही, नुसतं नाही म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. चहा यायचा तो माझ्या टेबलाला वळसा घालून पुढं जायचा. फाईल हातात मिळायची नाही, टेबलावर आदळायची. पंधराएक दिवसांनी आमचा कॉन्व्हेंटात शिकलेला साहेब हसत म्हणाला, 'सो, दे हॅव सेंट यू टू कॉव्हेंट्री!' मला वाटलं, बदली झाली. खरंच सांगतो, घरी जाऊन बायकोला म्हणालो, सामान बांधायला लागणार बहुतेक.

मग डिक्शनरी काढली. एखाद्याला कॉव्हेंट्रीला पाठवणं म्हणजे सगळ्यांनी ठरवून त्याच्याशी बोलणं टाकायचं. माणूस तिथंच बसलेला असतो, पण तो नाहीच असं वागायचं.

हेच गाव का? सतराव्या शतकात इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांची लढाई जुंपली. कॉव्हेंट्री पार्लमेंटच्या बाजूची. बर्मिंगहॅमच्या लोकांनी राजाचे शिपाई पकडून कॉव्हेंट्रीला धाडले, असं क्लॅरेंडननं आपल्या इतिहासात लिहून ठेवलंय. तिथं त्या कैद्यांशी कुणी बोलेना, ही त्यावरची लोककथा. दुसरी कथा अशी, की त्या गावाला लष्करी माणूस इतका नकोसा, की शिपायाशी बोलणाऱ्या बाईलाही लोक टाळायचे. शब्दांचा इतिहास लिहिणारे यातलं काहीच सिद्ध झालं असं मानत नाहीत. मलाही त्यांच्या वादात रस नाही.

मला रस आहे 1811 साली लंडनात निघालेल्या एका बोलीभाषेच्या कोशात. तो सांगतो, ही फौजेतल्या अफसरांच्या मेसमधली शिक्षा. ड्यूटीचं काम सोडून त्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. जो देईल त्याचीही रवानगी कॉव्हेंट्रीला. आता हे कुठं ऐकलंय? आपल्या गावात दवंडी पिटतात तेव्हा हेच असतं की! महारामांगाला जो काम देईल, त्याला दंड.

पण कोश पुढं काय म्हणतो ऐका. तो अफसर चुकलो म्हणाला, की त्याला परत बोलावतात. मेसमध्ये त्याचं स्वागत होतं, जणू गडी कॉव्हेंट्रीचा प्रवास करून नुकताच आलाय.

इथं मी कोश मिटला. 'पाठवणं' म्हणायला माणूस आधी आत असावा लागतो. आपल्या मराठीत 'वाळीत टाकणं' आहे, तेही आतल्यालाच. आपल्याला कुणी, कधी, कुठून पाठवलं? आपला जन्मच गावकुसाबाहेरचा. चुकलो म्हणून परत यायचं म्हटलं, तर चूक कोणती सांगायची? बाबासाहेबांनी 1924 साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' काढली, 1927 साली 'बहिष्कृत भारत' काढलं. एक माणूस नव्हे, अख्खा समाज बहिष्कृत. याला इंग्रजीत गावाचं नाव पुरत नाही.

आणि दुसरं. कॉव्हेंट्रीला गेलेल्याची फक्त जीभ बंद होते. आपल्याकडं पिठाची गिरणी बंद होते, दुकानातलं तेल-मीठ बंद होतं, शेतावरची मजुरी बंद, वाट बंद. नुसतं बोलणं बंद झालं असतं तर बरंच की!

हत्यार म्हणून ते वाईटच, असं मी म्हणत नाही. संपफोड्याला इंग्लंडच्या कामगारांनी कॉव्हेंट्रीला पाठवलंय. 1960 साली त्यावर 'द अँग्री सायलेन्स' नावाचा सिनेमा निघाला. 1880 साली आयर्लंडच्या कुळांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याला, कॅप्टन बॉयकॉटला, असं एकटं पाडलं की त्याचं आडनावच डिक्शनरीत गेलं. खालच्यांनी वरच्यावर टाकलेला बहिष्कार वेगळा. वरच्यांच्या हातातल्या बहिष्काराचं काय करायचं, ते बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये लिहिलं: सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात हे कलम आलं 2015 च्या दुरुस्तीनं. अडुसष्ट वर्षं!

बरं, त्या बिचाऱ्या गावालाही कुणी विचारलं नाही. 1938 साली पंजाबी मजुरांनी इंडियन वर्कर्स असोसिएशन उभी केली ती ह्याच कॉव्हेंट्रीत. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं, पोटासाठी गेले होते.

हे सगळं आज काढायचं कारण सांगतो. परवा आपल्यातल्याच एका पोरानं गावातल्या बहिष्काराबद्दल इंग्रजीत अर्ज लिहिला. पोरगा हुशार, इंग्रजी झकास. पहिल्याच ओळीत त्यानं लिहिलं होतं, आमच्या लोकांना कॉव्हेंट्रीला पाठवलंय. मी ती ओळ खोडली. तो रुसला. म्हणाला, साहेबाला पटकन कळलं असतं. मी म्हटलं, तेच तर. साहेबाला वाटेल, चार दिवस अबोला धरलाय, होईल गोड.

त्यापेक्षा लिही: गिरणी कोणत्या तारखेपासून बंद आहे. दवंडी कुणी पिटली, पिटायला कुणी सांगितली. किती घरांची मजुरी तुटली. दुकानदार काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत.

अर्ज पुन्हा लिहून झालाय. तो बाहेर टेबलावर ठेवलाय. जाताना वाचा, आणि सही करा.